हार सुकेपर्यंत

गोंदियाजवळच्या आमच्या नागऱ्यात कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या बुवांच्या गळ्यातला हार गेली कित्येक वर्षं माझ्या हातचा असतो. सप्ताह आला की आम्ही बायका मंदिरामागच्या ओट्यावर फुलं घेऊन बसतो आणि अभंग म्हणत ओवत जातो. चरणभर झेंडू ओवायचा, ध्रुपद फिरून आलं की तुळशीची एक मंजिरी. मोजायचं कामच नाही. चाल चुकली नाही तर हारही चुकत नाही.

तर माझ्या बहिणीच्या नीतूचं लग्न ठरलं, कोहमाऱ्याच्या उमेंद्रशी. त्यांचा हायवेवर ढाबा आहे. तिथल्या मटणासाठी ट्रकवाले भूक राखून येतात म्हणे. भाऊजी म्हणत होते, गोंदियाहून डेकोरेशनवाला बोलावू, नकली फुलं लावून देते, कोमेजायची भीती नाही. नीतू अडून बसली.

"मावशी, बुवाले एवढे हार करतेस अन् मले प्लास्टिक? मी तं तुझ्याच हातचा हार घालीन उमेंद्रच्या गळ्यात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच डोळ्यांपुढे बांधावरचा झेंडूही आला. पुरेल का?

लग्नाच्या सकाळी बहिणीच्या अंगणात जुनी साडी अंथरली. झेंडूचा ढीग, मोगऱ्याच्या कळ्या, आंब्याची पानं. देवघरातल्या हारासाठी तुळस तोडून आणली होती, ती एका टोपलीत बाजूला. सोबतीला माझी सप्ताहातली जोडीदारीण धुरपता. तिचा आवाज असा की माईकनं लाजावं.

"लग्नाचं गाणं म्हण वो एखादं," मी म्हटलं.

"मले कुठं येतात लग्नाची गाणी? अभंग म्हणू काय?"

"म्हण. देवाचं नाव कोणत्याई कामाले चालते."

तोरणं झाली, खांबांना गुंडाळायच्या माळा झाल्या. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, पण धुरपतेच्या सुरापुढे त्याची घरघर ऐकू येईना. शेवटी नवरानवरीचे हार घेतले. तोवर अभंग असा रंगला की मी अंगणात नव्हतेच, मंदिरामागच्या ओट्यावर होते. गाठी मारल्या, ओल्या फडक्यात हार गुंडाळून नीतूकडे दिले.

तिनं फडकं उघडून वास घेतला. "मावशी, झेंडूले तुळशीचा वास काऊन येऊन राहिला?"

पाहते तर काय! ध्रुपद तिथं मंजिरी, वरपासून खालपर्यंत, दोन्ही हारांत. शेजारची टोपली रिकामी.

धुरपतेनं कपाळावर हात मारला. "बाई वो! आपण तं नवरदेवाचा बुवा करून टाकला!"

हसलो खरं, पण वरात दाराशी आली होती आणि फुलं संपली होती. तेवढ्यात उमेंद्रची आई पुष्पाबाई आत आल्या. हार हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"इहीनबाई, तुळस? तुळस गळ्यात पडली म्हंजे पोरगा माळकरी झाला. आमचा तं धंदाच मटणाचा! उद्या घरी मटणाचं जेवण सांगून ठेवलं गावाले, अन् नवरदेव काय वरण-भात खात बसंल? राहू द्या तुमचा हार. आमच्या गाडीत तयार हार आहे, चमकीचा."

नीतूनं माझ्याकडे पाहिलं. मंजिऱ्या उपसाव्यात तर दोरा सैल होऊन हारच हातात येईल. आणि उपसलेली तुळस टाकायची कुठं, लग्नघराच्या पायाखाली?

इतकी वर्षं बुवांपुढे मांडी घालून बसले, ते तेव्हा उपयोगी पडलं.

"पुष्पाबाई, माळ वेगळी अन् हार वेगळा. माळ लाकडाच्या मण्यांची, आपल्या राजीखुशीनं घ्यायची. माझ्या हारानं कोणी बांधल्या जात नाही. पण एक सांगा, कार्तिकात आधी कोणाचं लगन लागते?"

"तुळशीचं."

"तिचं लागल्याशिवाय आपल्या पोरायचं लागते काय? वर्षाची पहिली नवरी तुळस. तिलेच मांडवाबाहेर काढता?"

पुष्पाबाई हातातला हार उलटसुलट करून पाहू लागल्या. दाराशी घोड्यावरून उतरलेला उमेंद्र सगळं ऐकत होता. "आई, घालू दे तोच हार. गळ्यात आहे तोवर मटण खात नाही, उतरवला की मोकळा. झालं?"

"मंग लवकर उतरव," त्या म्हणाल्या, पण हार त्यांनीच नीतूच्या हातात दिला.

अंतरपाट सरला, नीतूनं टाचा उंचावल्या आणि हार उमेंद्रच्या गळ्यात पडला. अक्षतांच्या गर्दीत तुळशीचा वास माझ्यापर्यंत आला. कीर्तनात गजर व्हावा तसं झालं मला. धुरपता तर चुकून "विठ्ठल" म्हणालीच.

पाचपरतावणाला माहेरी येऊन नीतू सासरी परतली, आणि तिचा कोहमाऱ्याहून फोन.

"मावशी, हार देवाजवळ टांगला. सारं गाव जेवलं, पण उमेंद्रनं अजून मटण नाही खाल्लं."

"काऊन? मोकळा झाला ना तो?"

"म्हणते, ताज्या तुळशीसमोर तोंडात घास जात नाही. हार सुकेपर्यंत थांबतो."

"अन् सासूबाई काय म्हणतात?"

"त्या काही म्हणत नाहीत. सकाळ झाली की हार उन्हात नेऊन ठेवतात."

"मंग?"

नीतूनं आवाज एकदम खाली आणला. "मी त्यावर पाणी शिंपडून राहिली ना, मावशी."