हिरवा भुगा

सेफेरिनाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं काही औषधाने जाणारं नव्हतं. मिरवणुकीसाठी मारियामाईच्या मूर्तीचा गाडा सजवायचा मान कित्येक वर्षं तिचा. शहरातून आणलेली शेवंती न् ग्लॅडिओलस हिरव्या स्पंजात खोचून ती असा गाडा उभा करायची की समोरच्या बेटावरची माणसं होड्या करून बघायला यायची. आणि यंदा तो मान कुणाला? नोर्मिताला! आजवर नुसत्या बादल्या भरून देणाऱ्या, देठ कापून देणाऱ्या नोर्मिताला!

सगळं त्या नव्या फादर एल्मरमुळे झालं. भर मिस्सात म्हणाले, "हा स्पंज कुजत नाही. त्याचा भुगा पावसाबरोबर समुद्रात जातो, मासे तो गिळतात, मासे आपण खातो. देवाने केलेली सृष्टी नासवून त्याच्याच आईची आरास करायची होय?" साऱ्या माना सेफेरिनाकडे वळल्या. जणू समुद्र तिने एकटीनेच नासवला! तेवढ्यात ही बया नोर्मिता उठली. "फादर, माझी आजी केळीच्या सोटात, खोडाच्या तुकड्यात, फुलं खोचायची. त्यात पाणी आपसूक असतं." झालं! फादर खूश, गाव खूश.

मिरवणुकीच्या सकाळी सेफेरिना मुद्दाम चर्चमागच्या शेडवरून गेली. गाड्यावर केळीचे सोट बांधलेले, त्यांत दारोदार मागून आणलेला चाफा, सोनटक्का, रानातली लालभडक फुलं. दिसत होतं सुंदर. तेच तर सोसवेना!

"मानांग, या ना!" नोर्मिताने थोरल्या बहिणीला मारावी तशी आदराने हाक मारली. "तुमच्याशिवाय काही जमतंय का मला?"

"जमतंय की सगळं, इंदाय, पोरी. आम्ही म्हाताऱ्यांनी आता जप करावा." एवढं बोलून ती तरातरा घरी आली आणि पलंगाखालचा उरलेला स्पंज काढून बसली.

दुपारी सगळे जेवायला गेले. शेडची जुनी किल्ली तिच्याकडे होतीच. तिने पानांआड स्पंजाच्या वड्या दडपल्या आणि बरीच फुलं सोटातून उपसून त्यांत खोचली. मिरवणूक संपली की लोक गाड्यावरच्या फुलांवर तुटून पडतात, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायला एकेक फूल नेतात. त्या ओढाताणीत स्पंजाचा भुगा होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? होऊ दे भुगा. पडू दे फादरच्या पायाशी. मग बघू, पुढच्या वर्षी गाडा कुणाकडे येतो ते! तिने मारियामाईच्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.

संध्याकाळी तस्संच झालं. गाडा चर्चच्या दारात थांबला, गर्दी फुलांवर झेपावली, आणि लोकांचे हात, पायऱ्या, रस्ता, सगळं भुग्याने हिरवंगार. फादर एल्मरनी चिमूटभर भुगा उचलून पाहिला.

"नोर्मिता, हे काय?"

नोर्मिता पांढरीफटक पडली. सेफेरिनाला वाटलं, आता कशी बोबडी वळली! पण नोर्मिताने गर्दीत तिला शोधलं आणि तिचे डोळे भरून आले.

"फादर, रागावू नका. हे मानांगनी केलं असणार. उन्हात माझी फुलं माना टाकतील म्हणून बिचाऱ्यांनी गुपचूप आधार दिला. एवढी माया आहे हो त्यांची मारियामाईवर!"

लोक सेफेरिनाकडे कौतुकाने बघायला लागले. फादरही विरघळले. "तसं असेल तर पुढच्या वर्षी दोघी मिळून सजवा."

गप्प राहिली असती तर मान परत मिळत होता. पण नोर्मिताचा तो भोळाभाबडा, ओला चेहरा! सेफेरिनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माया कसली डोंबलाची!" ती किंचाळली. "तुझी फजिती व्हावी म्हणून घातला मी तो स्पंज! गाडा घेतलास, आता चांगुलपणातही तूच पुढे का गं?"

नोर्मिताने हातातला चाफ्याचा गुच्छ तिच्या छातीवर फेकून मारला.

"सटवे! आणि मी वेडी तुझी बाजू घेत होते! तुझ्या बादल्या भरून भरून माझी कंबर मोडली. सगळे तुझी वाहवा करायचे, आणि मी घरी जाऊन जळफळत रडायचे. एकदा तरी म्हणालीस, नोर्मिता, एक फूल तू लाव?"

नाही, असं सेफेरिना कधीच म्हणाली नव्हती. आणि ही पोरगी आपल्यावर जळत होती, हे ऐकून, खरं सांगायचं तर, तिला आतून गारेगार वाटलं.

"पुरे!" फादर गरजले. आभाळ भरून आलं होतं. "पावसाच्या आत हा भुगा उचला. दोघींनी. कणन् कण."

लोक पांगले. दोघी टोपल्या घेऊन रस्त्यावर उकिडव्या बसल्या. थोड्या वेळाने सेफेरिनाने मान वाकडी करून नोर्मिताच्या टोपलीत डोकावून पाहिलं. तिचा ढीग आपल्यापेक्षा मोठा होता. सेफेरिनाने झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि ती भराभर गटाराच्या कडेला सरकली, तिकडे भुगा जास्त सांडला होता.