हसण्याचं बटण

“पॅटर्न काढून दाखवा, काका.”

“कशाला?”

“फोन चालू झाला तर उघडायला नको का?”

“चालू तर होऊ दे आधी. उघडायचं माझं मी बघतो.”

दुरुस्तीवाल्या बाईने हातातला चिमटा खाली ठेवला आणि समोर स्टुलावर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. साठी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि नजर अशी की दुकानातल्या पंख्यानेसुद्धा ‘मी काही केलं नाही’ म्हणावं. फोन त्याने काउंटरवर ठेवला होता खरा, पण त्यावरचा हात काही उचलला नव्हता.

“आणि झाकणाच्या कडेला हे लाल काय लागलंय?”

“सील आहे. बायकोच्या नेलपॉलिशचं. कोणी झाकण उघडलं तर मला कळणार.”

“काका, झाकण उघडल्याशिवाय दुरुस्ती कशी करू? फुंकर मारून?”

“उघडा. पण माझ्यासमोर.”

वीज कंपनीत तो मीटर तपासनीस होता. बाकीचे लोक मीटरवरचे आकडे बघत, हा आधी सील बघायचा. सील फुटलेलं असलं की समोरचा कितीही गयावया करू दे, याचा चेहरा हलत नसे. ऑफिसात त्याला सगळे सीलसाहेब म्हणत आणि तो ते कौतुकच समजायचा. निवृत्त झाल्यावर मीटर गेले, नजर तेवढी राहिली, आणि ती घरात फिरू लागली. डॉक्टरने दिलेली गोळी तो औषधवाल्याला विचारून घ्यायचा आणि औषधवाल्याने दिलेली डॉक्टरला विचारून. दारावर आलेल्या माणसाकडे ओळखपत्र मागायचा, आणि त्याने ते दाखवलं की ‘हे खरं कशावरून?’ म्हणायचा.

“केलंय काय याला?” बाईने विचारलं. फोन काळाठिक्कर होता. चार्जरला लावला तरी ढिम्म.

“नवी सिस्टिम टाकत होतो.”

“कंपनीची?”

“कंपनीचीच तर काढून टाकायची होती. ती ऐकते सगळं.”

“आणि नवी कुठून आणलीत?”

“आहे एक जण. इंटरनेटवर लिहितो. नाव सांगत नाही, चेहरा दाखवत नाही. पण या कंपन्यांना बरोबर ओळखून आहे.”

बाईने ओठ दाबून हसू आवरलं. सख्ख्या डॉक्टरवर भरवसा नसलेल्या माणसाला हा बिनचेहऱ्याचा गृहस्थ आपला वाटला, कारण तोही जगात कोणावर विश्वास ठेवत नव्हता.

हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. फोन बायकोचा होता, आणि बायकोचा आवाज त्या फोनमध्ये होता. घशाचं ऑपरेशन करून तिची स्वरपेटी काढावी लागली, त्याआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजची लागणारी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. त्यासाठी एक ॲप होतं, दर वाक्याला एक बटण. ती स्वयंपाकघरात दार लावून बसली आणि हा समोर, घड्याळाची टिकटिक रेकॉर्ड होऊ नये म्हणून त्याचा सेल काढून. ‘आले, आले, दार तोडू नका.’ ‘चहात साखर नाही, तोंड वाकडं करू नका.’ ‘अहो, ऐकता का?’ सगळं म्हणून झाल्यावर तिने एक बटण शिल्लक ठेवलं. “हे हसण्याचं,” म्हणाली. पण हस म्हटल्यावर हसू कुठलं यायला? शेवटी याने सेल घालून घड्याळ भिंतीवर अडकवलं आणि ते उलटं लागलं, तेव्हा ती जी खळखळून हसली, ते त्या बटणात गेलं. पुढे वर्षभर ती त्या बटणानेच हसत होती. टीव्ही बघताना, बहिणीशी बोलताना, आणि नवऱ्याची फजिती झाली की तर हमखास.

मग त्याने कुठेतरी वाचलं, की चार वाक्यं हाती लागली तर चोर माणसाचा आवाज तयार करतात आणि नातेवाइकांना फोन लावून गंडवतात. त्याची झोपच उडाली. बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवणं त्याने बंद करायला लावलं, आधी गेलेले दोघींच्या फोनमधून पुसायला लावले. फोनची कॉपी ऑनलाइन ठेवू दिली नाही. “आपलं घर दुसऱ्याच्या गोदामात कशाला?” म्हणाला. आता संशय घ्यायला फोनची कंपनीच तेवढी उरली होती. काल दुपारी बायकोचा डोळा लागला होता, तेव्हा त्याने तिचा फोन कॉम्प्युटरला जोडला.

बाईने गरम हवेने झाकण सैल केलं. लाल ठिपका तडकला तसा तो पुढे वाकला. तिने आतल्या दोन बारीक टिकल्या चिमट्याने जोडून धरल्या, वायर लावली, आणि तिच्या कॉम्प्युटरने ‘टुंग’ असा आवाज केला.

“जीव आहे,” ती म्हणाली. “एकाच नावाचे दोन फोन येतात, काका. मॉडेल नंबरच्या शेवटी एक अक्षर वेगळं असतं. तुम्ही दुसऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतली सिस्टिम, याच्यात घातलंत. आता याचं मूळचं परत टाकते.”

जन्मभर मीटरचे नंबर तपासलेल्या माणसाला हे चांगलंच झोंबलं. पण जीव आहे म्हटल्यावर त्याने ते गिळलं. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. तो पट्टीकडे बघतच नव्हता, बाईच्या हातांकडे बघत होता. ती पाणी प्यायला उठली तेव्हा तिच्या मागोमाग त्याची मानही वळली.

फोनचा पडदा उजळला. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि मग पांढऱ्या पडद्यावर अक्षरं आली, ‘भाषा निवडा.’

“हे काय?”

“झाला चालू.”

“तिची बटणं कुठायत?”

“आत काही नाहीये, काका. नवाकोरा झालाय.”

“मघाशी होतं.”

“मघाशी फोन बंद होता.”

“तेच म्हणतोय मी. बंद फोन तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरला लावलात. त्याच्यात गेलं असणार. बघू द्या मला.” तो उठून उभा राहिला आणि त्याने काउंटरच्या आत हात घातला.

बाईने कॉम्प्युटरचा पडदा गर्रकन त्याच्याकडे फिरवला. “घ्या, बघा. हवं तेवढं बघा. होतं तरी काय एवढं त्यात?”

“माझ्या बायकोचा आवाज.”

दोन-तीन वाक्यांत त्याने सांगितलं. ऑपरेशन, बटणं. हसण्याचं सांगताना मध्येच थांबला. बाईचा राग जागच्या जागी विरला. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

“नवी सिस्टिम टाकायच्या आधी फोनचं आतलं कुलूप तोडावं लागतं,” ती सावकाश म्हणाली. “ते तोडताना फोनने विचारलं असेल, की सगळं पुसलं जाईल, चालेल का?”

“विचारलं होतं.”

“मग?”

“मला वाटलं, घाबरवतायत. त्यांची सिस्टिम कोणी काढू नये म्हणून.”

“त्याच वेळी गेलं ते, काका. माझ्याकडे यायच्या आधी. आणि ते परत येत नाही.”

त्याच्या डोक्यात सवयीने चक्र सुरू झालंच. तो बिनचेहऱ्याचा माणूस, कंपनी, ही बाई. पण एकावरही आळ नीट बसेना. सील त्याने स्वतःच्या हाताने तोडलं होतं, आणि तेही घरातलं माणूस झोपलेलं बघून.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कुरिअरवाला होता. त्याने उचलताच फोनमधून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, “हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे.” कुरिअरवाल्याला त्याने दोन शब्दांत कटवलं.

“सगळे कॉल रेकॉर्ड करता?” दुरुस्तीवालीने विचारलं.

“सगळे. पुरावा असलेला बरा.”

“कधीपासून?”

“हा फोन घेतल्यापासून. झाली बरीच वर्षं.”

“बायकोचे पण?”

मग त्याने आपला फोन तिच्या हातात दिला आणि न मागता पॅटर्नही काढून दाखवला.

पहिल्या कॉलचं रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी त्याचाच आवाज आला.

“कुठे आहेस?”

“घरात.”

“मागे कोण बोलतंय?”

“टीव्ही आहे.”

“बंद कर बघू.”

टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. “झालं समाधान?” ती म्हणाली. तिचा आवाज. थोडासा जाडसर, शेवटचं अक्षर ओढणारा. वर्षभर तो बटणातलीच वाक्यं ऐकत आला होता. ती सोडून आणखीही काही ती बोलायची, हे तो विसरलाच होता.

“फोन एवढा वेळ बिझी का होता?”

“ताई होती.”

“काय म्हणत होती एवढं?”

“तब्येत विचारत होती हो. दुसरं काय विचारणार?”

पुढचा कॉल. “अजून दवाखान्यातच? एवढा वेळ?” “रांग आहे.” “मी येऊन बघू?” “या ना. तुम्हीही बसा रांगेत.”

त्याच्या पुढचा. त्याच्याही पुढचा. एक गिऱ्हाईक कव्हर बघायला आत आलं, तेव्हा बाईने काही न बोलता आवाज कमी केला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आणि त्यामुळेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण बायकोची चौकशी करतो, काळजीने. आता परक्या दुकानात बसून ऐकताना तो आवाज त्याला ओळखता आला. मीटरवर धाड घालताना तो असाच बोलायचा. त्याला स्वतःची लाज वाटली.

“एखाद्या कॉलमध्ये हसल्या असतील,” गिऱ्हाईक गेल्यावर बाई म्हणाली.

दोघांनी पुष्कळ शोधलं. बहिणीशी बोलताना ती हसायची, शेजारणीशी बोलताना हसायची, पण ते कॉल तिच्या फोनवरचे. याच्याशी फोनवर बोलताना ती एकदाही हसलेली नव्हती.

“तुमचा आवाज कापून टाकू?” बाईने हळूच विचारलं. “त्यांची वाक्यं तेवढी ठेवते.”

“कापा.”

त्याचा आवाज निघून गेल्यावर मागे नुसती उत्तरं उरली. बाईने ती एकेक करून नव्या बटणांवर चढवली, झाकण चिकटवलं आणि फोन त्याच्या हातात दिला. काय काय बदललं, कुठला स्क्रू काढला, हे त्याने विचारलं नाही.

घरी बायको टेबलाशी बसली होती. समोर छोटा पांढरा फळा आणि पेन. फोन बंद पडल्यापासून ती त्यावरच लिहीत होती. बॅटरी गेली, असं त्याने तिला काल ठोकून दिलं होतं. त्याला बघून तिने लिहिलं, ‘बॅटरी मिळाली?’ आणि शेजारची नेलपॉलिशची बाटली बोटाने पुढे सरकवली. बाटलीचं झाकण सकाळी तो लावायचं विसरला होता, तोंडाशी रंग वाळून खडखडीत झाला होता. एवढी वर्षं त्याच्याबरोबर राहून थोडा तपास तिलाही जमत होता.

“बॅटरी नव्हती,” तो म्हणाला. “मी घालवला तुझा आवाज.”

मग त्याने सगळं सांगितलं. सगळं पुसलं जाईल ही सूचना वाचली होती, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग फोन घेऊन तिने नवी बटणं दाबायला सुरुवात केली. ‘घरात.’ ‘टीव्ही आहे.’ ‘ताई होती.’ ‘रांग आहे.’ ‘एकटीच आहे.’ स्वतःचीच उत्तरं ती शेवटपर्यंत ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळत नव्हतं. शेवटच्या बटणानंतर तिने फळ्यावर लिहिलं, ‘हसणं?’

त्याने मान हलवली.

तिने तो शब्द तळहाताने पुसला. पुसून झाल्यावरही हात बराच वेळ फळ्यावर तसाच होता. “मी चोरांपासून जपत होतो ग,” तो म्हणाला. तिने मान डोलावली. ते तिला माहीतच होतं, आणि माहीत असल्याने काही हलकं झालं नाही.

मग ती फोन घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. बटणं मागेपुढे लावली, नको ती काढली. शेवटी त्याच्याकडे पाठ करूनच तिने फोनला पॅटर्न घातला. लग्नानंतर तिने त्याच्यापासून कुलूपबंद ठेवलेली ही पहिलीच वस्तू. पॅटर्न काय, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ब्रेड आणि दूध आणायला गेला. परत येऊन सवयीने त्याने बेल दाबली आणि सवयीनेच ‘दार तोडू नका’ची वाट पाहिली. आत पावलं वाजली नाहीत. थोडा वेळ गेला, आणि मग दाराच्या पलीकडून नव्या बटणांतला तिचा आवाज आला, थोडासा जाडसर, शेवटचं अक्षर ओढणारा.

“घरातच आहे. एकटीच आहे. खात्री नसेल तर येऊन बघा.”

दार नुसतं लोटलेलं होतं, ते त्याला दिसत होतं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो पायपुसण्यावर तसाच उभा राहिला.