हजर

पिनेचं टोक शर्टातून आत शिरलेलं, बरोबर गळ्याखालच्या हाडावर, आणि ते काढायला हात हलवता येत नव्हता, कारण ती मेलेली होती. कॉलेजच्या ग्रंथालयासमोरच्या फरशीवर तिच्यासारखेच तीस-चाळीस जण मरून पडले होते. प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीवर दूरच्या एका देशात खरोखर मारल्या गेलेल्या कुणाचं तरी नाव. "मेलेल्या माणसाला खाज सुटत नाही, लक्षात ठेवा," असं सकाळी लीडरनं बजावलं होतं आणि सगळा गट खो खो हसला होता... तीसुद्धा. फरशी उन्हानं कोमट झाली होती. पाठीला शेक मिळत होता. लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

लाउडस्पीकरवरून लीडर एकेक नाव पुकारत होता, आणि ज्याच्या छातीवर ते नाव तो पडल्यापडल्या ओरडत होता, "हजर!" दर हाकेसरशी जमलेली गर्दी आणखी थोडी गप्प होत होती. गेल्या वर्षी त्यांनी नरसंहाराची माहिती देणारी पत्रकं वाटली होती, ती लोकांनी कट्ट्यावर बसायला खाली घेतली. यंदा कुणी हलत नव्हतं. कल्पना तिची होती — तिची? की मौनीची?

मौनी म्हणजे तिच्या खोलीत राहणारी मुलगी. त्याच देशातून आलेली. नाव जिभेवर वळायला अवघड आणि बोलणं मोजकं, म्हणून वसतिगृहानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मौनी पाडलं, आणि तिनं ते इतक्या खुशीनं घेतलं की चिडवणाऱ्यांचाच हिरमोड झाला. मग एकदा ती तापानं फणफणली. दुपारभर ही तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत असताना, भिंतीकडे तोंड करून, कुणीही न विचारता ती बोलायला लागली होती. मारणारे दार फोडून आले नाहीत, म्हणाली. शेजारचे काका आले. खिडकीखालून त्यांनी आजीला नावानं हाक मारली, रोज मारायचे तशीच, काही उसनं मागायला मारावी तशी. आणि आजीनं ओ दिली. आम्ही माळ्यावर होतो... "तेव्हापासून कुणी माझ्या नावानं हाक मारली ना, की मला ओ देववत नाही गं."

कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली नव्हती. हे मात्र खरं. म्हणाली असती तर मी सांगितलं असतं का? मुळीच नसतं... आणि नाव तरी कुठे घेतलं मी, 'एका मुलीची आजी' एवढंच तर म्हटलं बैठकीत. लीडर म्हणाला होता, "बाप रे. हेच करायचं. हाका मारायच्या." आणि बैठकीनंतर जिना उतरताना ती स्वतः चक्क गुणगुणत होती. ते गुणगुणणं आत्ता, या कोमट फरशीवर, पिनेपेक्षा जास्त टोचत होतं.

तिनं एक डोळा किलकिला केला. गर्दीच्या पायांमध्ये ओळखीच्या निळ्या चपला दिसल्या. नजर वर गेली — हातावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट टाकून मौनी उभी होती. आणि त्याच क्षणी लीडरनं फरशीवर पडलेल्या तिच्या छातीवरचं नाव पुकारलं. कुणा म्हातारीचं नाव.

तिला ओ देववेना. लीडरनं पुन्हा पुकारलं. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असणार. मौनी तिच्याकडे बघत होती, रागानं नाही, बस थांब्यावर माणूस पाटीकडे बघतो तशी. तिसऱ्यांदा नाव आलं, आणि डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून ती ओरडली, "हजर!"

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. तिच्या मनात पहिला शब्द आला तो, जमलं. डोळे उघडले तेव्हा निळ्या चपला तिथे नव्हत्या.

ती परतली तेव्हा खोलीत मौनी कोट खुंटीला अडकवत होती.

"होतीस ना तिथे? ऐकलंस?"

"अख्ख्या गावानं ऐकलं."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"हो." मौनीनं कोटाची बाही सरळ केली. "मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंस ना?"

याचं उत्तर 'हो' असंच होतं.

"एक सांगू?" मौनी म्हणाली. "आजी इतक्या मोठ्यानं नव्हती ओरडली. काहीतरी शिवत होती. दातांत दोरा होता तिच्या. तशीच, हळूच म्हणाली, आले हं."

फोन थरथरला. लीडरचा निरोप: काय जान ओतलीस! शुक्रवारी नगरपालिकेच्या चौकात पुन्हा करू, तू हवीसच. तिनं फोन पालथा घातला, पण मौनीनं विचारलंच, आणि खोटं बोलायची आज तिची छाती झाली नाही.

"जा मग," मौनी म्हणाली. "लोकांना कळायलाच हवं. मला नाही सांगता येत." आणि टॉवेल घेऊन ती अंघोळीला गेली.

ओरडली असती, भांडली असती, खोली बदलून मागितली असती, तर काहीतरी हाताशी लागलं असतं. माफी मागायला गेलेल्या माणसाला परवानगी मिळाली की त्यानं काय करायचं? जाणार नाही, तिनं ठरवलं. मग ठरवलं, जायचं, तिच्यासाठी तरी... तिच्यासाठी? त्या हुंदक्यासाठी की कुणासाठी... न्हाणीघरात बादली भरत असल्याचा आवाज येत होता, आणि उत्तर टाइप करायला उचललेला अंगठा तसाच हवेत राहिला होता.

मग तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. दात किंचित आवळून, मधे दोरा असावा तसे, ती अगदी खालच्या सुरात पुटपुटत होती, आले हं... आणखी थोडं हळू, आले हं... माइक जवळ धरला तर एवढा आवाज पुरेल. ती दचकून थांबली, तळहातानं तोंड दाबून धरलं. पण अंदाज येऊन गेला होता, आणि तो चुकीचा नव्हता. चौकातली सगळी माणसं रडली असती.