दीड पानाचा निरोप

हे लिहायचंच नाही, असं लहानूनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. कागद चढवला, दोन ओळी बडवल्या, काढला, चुरगाळला. असं तीनदा झालं. कारण साधं होतं. या गोष्टीत त्याचं स्वतःचं वागणं काही चांगलं नाही, आणि ज्याच्याशी तो वाईट वागला तो माणूस समोरच्याच खोलीत राहतो. सकाळी दात घासताना तोंड दिसतं त्याचं. पण दुसरं काहीही लिहायला बसलं तरी मधात हेच यायचं. तेव्हा म्हटलं, हे एकदाचं उतरवून टाकावं.

तर साल शहाऐंशी. नागपुरातल्या प्रताप नगरातली गल्ली, अकरा घरं, आणि अकरा घरांत मिळून फोन एक. तो लहानूच्या घरी, कारण त्याचे वडील गणपतराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. फोन नवा, बटणांचा. चकती फिरवायची भानगड नाही. पहिल्या आठवड्यात गल्लीनं तो येऊन पाहिला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचा नंबर वाटून टाकला. नत्थूजींनी मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापला, पुढं 'पी.पी.' लिहून. म्हणजे फोन शेजारचा आहे, आम्हाला बोलावून द्या. भैय्याजी बँडवाल्यानं तर दुकानाच्या पाटीवरच रंगवला. शोभाताईंची रायपूरची बहीण दर रविवारी फोन करायची, आणि शोभाताई पदर खोचून येईपर्यंत लहानूच्या आईशीच बोलून घ्यायची.

"खात्याचा फोन हाय," गणपतराव म्हणायचे. "कोनालेच नाही म्हनाचं नाही."

ते दिवसभर खांबांवर. आई सकाळी शाळेत आया म्हणून जायची ती चारला परत. घरी लहानू. दहावीनंतर त्याची शाळा सुटली होती. कोर्टाजवळच्या एका म्हाताऱ्या टायपिस्टाकडून जुनी मराठी मशीन आणली आणि दोन बोटांनी आपला आपणच शिकला. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध टाइप करायचा, आणि मधल्या वेळात कथा.

आता मधला वेळच राहिला नव्हता. त्याच्या कथेतला माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि फोन किरकिरायचा. जाऊन भैय्याजींना उठवून आणावं, भैय्याजींनी वरातीचा सौदा तिथंच उभ्यानं करावा, आणि परत येऊन पाहावं तर कथेतला माणूस निघून गेलेला. मग लहानू घाई करायला लागला. दोन किरकिरींच्या मधात जेवढं होईल तेवढं धडधड टाइप करून घ्यायचा. आणि खरं सांगायचं तर, फोन वाजला नाही तरी तो ऐकायचा. अर्धा तास शांत गेला की स्वतःच उठून रिसिव्हर कानाला लावून पाहायचा, लाइन जिवंत आहे ना म्हणून.

त्या सप्टेंबरात एका दिवाळी अंकाच्या संपादकानं त्याला कार्ड टाकलं. कथा पाठवा, बावीस तारखेपर्यंत. कोणी मागून घेतलेली ही त्याची पहिलीच कथा. नवरा-बायकोची होती. बायको रुसून माहेरी गेलेली, आणि शेवटी ती नवऱ्याला मनातलं सांगते. ते मनातलं काही केल्या जमत नव्हतं.

अठरा तारखेला, गुरुवारी दुपारी, ते जमलं. बोटं आपोआप पडत होती. एक पान झालं, दुसरं अर्धं झालं, आणि फोन.

"लहानूभाऊ, मी प्रेमिला. कुहीच्या पोस्टातून बोलते. त्यायले बोलावता का जरा?"

प्रेमिला म्हणजे समोरच्या धोंडबाची बायको. धोंडबा मूळचा नरखेडकडचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे त्यांची तार नव्यानं गुंडाळायचं काम करायचा आणि राजदूत मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा. एका दिवसासाठी जायचा आणि तीन दिवसांनी यायचा, कळवायचं नाव नाही. अशाच एका तीन दिवसांनंतर प्रेमिला पिशवी घेऊन कुहीला माहेरी निघून गेली होती. त्याला आता पंधरा दिवस झाले होते.

लहानूनं खिडकीतून पाहिलं. धोंडबा समोरच्या पायरीवर बसून राजदूतचा प्लग घासत होता. बोलवायला गेलं असतं तर वीस पावलं होती. पण मशीनवर वाक्य अर्धं होतं.

"घरी नाही वहिनी तो," लहानू म्हणाला. "निरोप सांगा."

"मंग सांगा त्यायले. गल्लीत फोन हाय, तरी तीन-तीन दिवस पत्ता नसते तुमचा. जिवंत हाय का नाही हे बी मले दुसऱ्याले विचारा लागते. असं मले जमत नाही. रविवारपावतो सोता या अन् पुढं कसं करता ते सांगा. इथं शिवणकेंद्रात शिकवाची जागा हाय. सोमवारी पाच वाजता केंद्राच्या बाई सही घ्याले येतात. तुम्ही नाही आले तर मी सही करीन अन् इथंच राहीन. एवढंच सांगा. सांगसान ना?"

"सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि अर्धं वाक्य पूर्ण केलं.

संध्याकाळी तो समोर गेला. खरंखुरं सांगायलाच गेला होता.

"वहिनीचा फोन होता."

धोंडबा उठून उभा राहिला. "काय म्हने?"

आता या तोंडावर ते 'सही करीन अन् इथंच राहीन' कसं मारावं? लहानूच्या जिभेवर दुपारचं दीड पान ताजं होतं. तेच बाहेर आलं.

"म्हणाली की, अंगणातली जाई एकटीच फुलते अन् एकटीच झडते. मला तुमच्या पावलांची सवय झाली आहे. रागाचं पाणी आपोआप ओसरेल, मग मी येईन."

धोंडबा बघतच राहिला. "आमच्या अंगनात जाई कुठी हाय बे?"

"माहेरची असेल."

"अन् हे ती बोलली?"

"मग काय मी बोललो?"

धोंडबा हळूच खाली बसला. चेहरा असा झाला जसा पंधरा दिवसांचा ताप उतरावा. "काय बोलते रे," तो म्हणाला. "एवढं तर ती लग्नात बी नाही बोलली. बरं, मंग राहू दे चार दिवस. पानी ओसरू दे तिचं. मी जलालखेड्याचं काम आटपून घेतो."

लहानूनं तिथंच थांबवायला पाहिजे होतं. त्यानं नाही थांबवलं. रविवारची गोष्ट बायकांच्या रागातली आहे, असं त्यानं मनाला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. आपण लिहिलेली वाक्यं एखाद्याच्या चेहऱ्यावर अशी उतरताना त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती. ते त्याला आवडलं होतं.

शनिवारी धोंडबा राजदूत घेऊन गेला. रविवार गेला. सोमवारी, बावीस तारखेला, सकाळी साडेदहाला लहानू कथा लिफाफ्यात घालत होता, तेव्हा फोन आला.

"लहानूभाऊ, ते आले नाही," प्रेमिला म्हणाली. "तुम्ही सांगतलं होतं ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही वहिनी. म्हणजे सांगितलं, पण तुमचं नाही सांगितलं. माझ्या कथेतलं सांगितलं." मग त्यानं सगळंच सांगून टाकलं, धोंडबा पायरीवर बसला होता तेसुद्धा.

पलीकडे पोस्टात कोणीतरी शिक्के मारत होतं.

"मी इथं दोन दिवस रस्त्याकडं पाहून राहिली," ती म्हणाली. "माह्या बोलन्यात अशी काय खराबी होती, भाऊ?"

"खराबी तुमच्या बोलण्यात नव्हती, वहिनी," लहानू म्हणाला.

"पाच वाजता बाई येते. त्याच्या आधी मी पुन्हा फोन करीन. तोपावतो त्यायले माहं बोलनं पोचवा. माहं."

लाइन कटली. धोंडबा शंभर किलोमीटरवर कुठल्यातरी विहिरीत होता. लहानूनं लिफाफा बाजूला सारला आणि ज्या फोनला तो इतके दिवस शिव्या देत होता, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला.

आधी धोंडबाच्या मालकाचं वर्कशॉप. तिथून जलालखेड्याच्या एका खताच्या दुकानाचा नंबर मिळाला. ट्रंक कॉल लावला तो दीड तासानं लागला. मधात भैय्याजींचे दोन फोन आले. लहानूनं त्यांना बोलावून आणलं आणि "दोन मिनिटात संपवा काका, लाइन मोकळी पाहिजे," म्हणून बाजूला उभा राहिला. भैय्याजी म्हणाले, "आज तुह्या घरची वरात हाय का बे?"

दुकानदाराचं नाव ताराचंद. "धोंडबा ना? तो मोवाडच्या रस्त्यानं एका संत्र्याच्या बागेत हाय. विहिरीत उतरला असन."

"त्याला फोनवर आणता का? घरचं काम आहे."

"मी एकटाच हाव दुकानात. गिऱ्हाईक उभं हाय." मग ताराचंद म्हणाला, "बरं, तुमचा नंबर सांगा अन् ठेवा. शटर ओढून जातो. आनतो त्याले."

ना ओळख ना पाळख. लहानूनं नंबर सांगितला आणि रिसिव्हर जागेवर ठेवला.

पावणेचारला फोन आला. धोंडबा धापा टाकत होता. "काय झालं? प्रेमिला बरी हाय ना?"

"बरी आहे. ऐक." लहानूनं या वेळी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत सांगितलं. शिवणकेंद्र, सही, पाच वाजता, सगळं. आपलं खोटंही सांगितलं.

"अन् जाई?"

"जाई माझी होती."

"अबे, मी दोन दिवस विहिरीत गाने म्हनून राहिलो तुह्या जाईवर." मग धोंडबानं एक शिवी दिली. ती इथं टाइप करायची गरज नाही. लहानूनं ती पूर्ण ऐकून घेतली.

"मशीन हाय का समोर? कागद चढव. मी सांगतो ते ठोक. तुहा एक शब्द मधात आला तर आपली दोस्ती संपली."

लहानूनं रिसिव्हर मान आणि खांद्यात दाबला. हाताशी आलेला कागद उलटा करून चढवला आणि दोन बोटांनी, एकेक शब्द, धोंडबा सांगेल तसा मारत गेला.

पाचला दहा कमी असताना प्रेमिलाचा फोन आला. लहानूनं वाचलं.

"प्रेमिला, तुहा निरोप मले आज भेटला. आधी भेटला असता तर रविवारीच आलो असतो. पंधरा दिवस पाऊस नाही, बागेचं पानी बंद हाय, मोटर उघडी पडली हाय. ती बसवतो अन् निघतो. उद्या सकाळी कुहीले पोचतो. मी कळवत नाही हे खरं हाय. त्याले काही कारन नाही, आळस हाय. सही कराची का नाही ते तू पाह्य. केली तरी मी येनार."

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"'आळस हाय' असं म्हनले ते?"

"तसंच म्हणाला वहिनी. मी एक कानामात्रा बदलला नाही."

"हे त्यायचंच हाय," प्रेमिला म्हणाली. तिच्या आवाजात थोडं हसू होतं की काय, लहानूला नक्की सांगता येणार नाही. "बाईले सांगते, बुधवारी या म्हनून. उद्या त्यायले पाहाते, मंग ठरवते."

दिवाळी अंकाची तारीख त्या दिवशी टळली. मंगळवारी लहानूनं संपादकांना फोन केला. त्या फोनवरून स्वतःसाठी केलेला तो पहिलाच. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत द्या. त्यानं दीड पान काढून टाकलं. आता कथेतली बायको शेवटी तीन वाक्यं बोलते. ती प्रेमिलाची नाहीत. प्रेमिलाचं बोलणं तिचंच राहू दिलं. पण जाईही नाही. कथा लागली, शेवटून दुसरी.

घरी हे सगळं कळल्यावर गणपतरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, फोनच्या पायी लिहनं होत नव्हतं तर सांगाचं नाही? मी लाइनमन हाव की कोन हाव?" त्यांनी तीस फूट वायर ओढली आणि फोन व्हरांड्याच्या खिडकीत नेऊन ठेवला. आता वाजला की ज्याचा कान जवळ तो उचलतो, बहुतेक शोभाताई. लहानूला आतल्या खोलीत किरकिर ऐकू येते. कधी उठतो, कधी नाही.

प्रेमिला धोंडबासोबत आठ दिवसांनी आली. आधी तिनं कुहीच्या बाईंकडून नागपूरच्या केंद्रासाठी चिठ्ठी घेतली. आता सकाळी शिवण शिकवायला जाते. धोंडबा मात्र लहानूशी महिनाभर बोलला नाही. समोरासमोर दात घासायचे, पण नजर नाही.

मग एका सकाळी त्यानं राजदूत लहानूच्या दारासमोर थांबवली. मागे हत्यारांची पेटी बांधलेली होती.

"नरखेडले चाललो," तो म्हणाला. "परवा येतो. आज सात वाजता फोन लावीन."

"लाव."

"तू उचलशीन?"

"उचलीन."

"मंग काय करशीन?"

लहानूनं समोर धोंडबाच्या खोलीकडे पाहिलं. प्रेमिला दारात उभी राहून सुईत दोरा ओवत होती, आणि ऐकतही होती.

"तुझा निरोप घेणार नाही," लहानू म्हणाला. "मशीनवर काहीही चालू असो, अर्ध्या वाक्यातून उठीन, समोर जाईन अन् वहिनीला फोनवर आणीन. तुम्ही बोलत असेपर्यंत बाहेर उभा राहीन. शब्द देतो तुला."