शुक्रवारचं तिकीट

टोस्टरमधून पाव खट्कन वर उडाला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. त्याआधी कितीतरी वेळ झेल्मीरा आणि विल्मा समोरासमोर बसून नुसती कॉफी पीत होत्या. शेजारच्या खोलीत लाइटनरबाई अजून झोपलेल्या, म्हणून मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

विल्मा काल संध्याकाळी आली होती. ऑस्ट्रियातल्या लिंझमधल्या या घरात दोघींनी आळीपाळीने दोन-दोन आठवडे राहायचं, म्हाताऱ्या लाइटनरबाईंना न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, औषधं द्यायची. बुधवारी संध्याकाळी एकीने दुसरीच्या हाती सगळं सोपवायचं आणि गुरुवारी सकाळी स्लोव्हाकियाची गाडी धरायची, अशी रीत. झेल्मीराची आधीची जोडीदारीण रुमानियाची होती. ती बसने यायची-जायची आणि दोघींचं सगळं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. विल्मा मात्र क्रोम्पाखीची, झेल्मीराच्या मार्गेत्सानी गावाच्या शेजारचीच. काल रात्रीपासून झेल्मीराला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटत होतं.

विल्माने विचारलं, गाडी किती वाजताची. झेल्मीरा म्हणाली, उद्याची. गुरुवारी स्वस्तातली तिकिटं उरतच नाहीत, म्हणून ती नेहमी शुक्रवारीच निघते. आजचा दिवस इथे सोफ्यावर काढायचा, लागलं तर विल्माला हातभार लावायचा.

विल्माने कप खाली ठेवला.

"शुक्रवारी स्वस्त? अगं, शुक्रवारी अर्धं व्हिएन्ना बॅगा उचलून घरी निघतं. शुक्रवारी स्वस्त देत असतील, तर नाताळात वर खाऊला पैसेही देत असतील."

"माझी ताई काढते तिकिटं. तिला कळतं त्यातलं."

"ओतिलियाताई ना, पोस्टातली? माझंही तिनेच काढलंय की."

यात नवल नव्हतं. त्या पट्ट्यातल्या ज्या ज्या बायका ऑस्ट्रियात म्हातारी माणसं सांभाळायला जात, त्या सगळ्यांची तिकिटं ओतिलियाच काढून द्यायची. पोस्टातलं काम संपलं की ही चष्मा कपाळावर चढवून फोन घेऊन बसे. एकच गाडी, एकच डबा, पण तिकीट ऑस्ट्रियाच्या रेल्वेकडून घेतलं तर वेगळा भाव, स्लोव्हाकियाच्या रेल्वेकडून घेतलं तर वेगळा, आणि सरहद्दीच्या स्टेशनावर दोन तुकडे करून घेतलं तर त्याहून वेगळा, हे तिला तोंडपाठ होतं. कुठल्या दिवशी विक्री उघडते, कुठल्या तिकिटावर नाव आणि गाडीचा नंबर पक्का असतो आणि ती गाडी चुकली की कागदाची किंमत शून्य होते, हेही. बायका तिला केक आणून देत. झेल्मीराला मात्र कधी काही बघावंच लागलं नव्हतं. ताई फोनवर कोडचा काळा-पांढरा चौकोन पाठवायची, आकडा सांगायची, झेल्मीरा तेवढे पैसे तिच्या खात्यात टाकायची. दोन वर्षं असंच चाललं होतं.

विल्माने पर्समधून घडी घातलेले दोन कागद काढून टेबलावर पसरले. एक लिंझ ते सरहद्द, दुसरा सरहद्द ते क्रोम्पाखी. परतीची तारीख दोन आठवड्यांनंतरची. वार गुरुवार. खाली भाव छापलेला. ताई झेल्मीराकडून शुक्रवारचे म्हणून घ्यायची, तेवढाच.

"मी तिला म्हटलं, शुक्रवारचं मिळालं तरी चालेल," विल्मा म्हणाली. "तर मलाच ओरडली. शुक्रवारच्या वाटेला जाऊ नकोस, दुपटीने पडतं म्हणाली."

झेल्मीरा म्हणाली, काहीतरी घोटाळा असेल. मग तिने फोन उघडून ताईचे जुने निरोप वर वर सरकवत नेले. सगळीकडे तेवढाच चौकोन, कडेकडेने नीट कापलेला. वार, गाडी, वेळ ताईने खाली हाताने टाइप केलेली. भाव कुठेही नाही. तिने आजवर हे कापणं पाहिलंच नव्हतं. ताई नीटनेटकी आहे एवढंच तिला वाटायचं.

विल्माने स्वतःच्या फोनवर पुढच्या महिन्यातला एक गुरुवार काढला, मग शुक्रवार काढला आणि फोन तिच्याकडे सरकवला. शुक्रवारचा आकडा दुपटीहून वर होता. पुढचा शुक्रवार तसाच. त्यापुढचाही.

घोटाळा नव्हता. ताईने दर वेळी महाग तिकीट घेतलं होतं, झेल्मीराकडून स्वस्ताचे पैसे घेतले होते आणि वरचे स्वतःच्या पगारातून भरले होते. पैशांत फसवलं असतं तर झेल्मीरा दोन शब्द बोलून मोकळी झाली असती. इथे ताईनेच पदरमोड केली होती आणि त्या बदल्यात झेल्मीराचा एक दिवस घेतला होता. असे सव्वीस दिवस. लेकीच्या, रादकाच्या, सहा वर्षांतला जवळजवळ एक महिना.

रादकाचा बाप कामाला म्हणून चेक देशात गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून घरात तिघीच होत्या. झेल्मीरा दोन आठवडे बाहेर, दोन आठवडे घरी. ताईचं लग्न झालं नव्हतं. ताई आहे म्हणून तर हे जमतंय, असं झेल्मीरा ज्याला त्याला सांगायची.

"जा तू," विल्मा म्हणाली. "आजीबाईंना मी सांगते. उद्याचं तिकीट वाया गेलं तर जाऊ दे."

जिना उतरता उतरता झेल्मीराने आयुष्यातलं पहिलं तिकीट स्वतः काढलं. ऐनवेळचं म्हणून ते सगळ्यात महाग पडलं आणि दोनदा नाव चुकून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं गेलं.

व्हिएन्नापर्यंत ती नुसती चिडलेली होती. ब्रातिस्लावाला गाडी बदलली आणि मग एकेक आठवायला लागलं. रादकाचा पहिला दात पडला त्याचा फोटो शुक्रवारी सकाळी गाडीत मिळाला होता. ती मागची आधाराची छोटी चाकं काढलेली सायकल एकटीने चालवायला शिकली, तोही फोटो शुक्रवारचा. खाली ताईने लिहिलं होतं, काल चालवली, तू हवी होतीस. तू हवी होतीस! झेल्मीराने तेव्हा त्या ओळीवर बोट फिरवलं होतं, ताईला किती वाटतं आपल्यासाठी म्हणून डोळे पुसले होते. आता तेच बोट तिला चावावंसं वाटलं. पाच तास ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य ताईच्या तोंडावर फेकण्याआधीच गळून पडत होतं, कारण शेवटी आठवायचं ते एवढंच, की तापात रादकाच्या उशाशी हीच बसली होती.

मार्गेत्सानीला उतरली तेव्हा ऊन अजून होतं. ती अंगणातून मागच्या दाराने आत शिरली. स्वयंपाकघरात शेगडीवर बटाट्याच्या लाट्या उकळत होत्या, बाजूला खसखस कुटून ठेवलेली. न्हाणीघरातून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

"आई, टॉवेल दे ना!" रादकाने आतून हाक मारली.

झेल्मीरा हरखली. पोरीला पावलांवरूनच कळलं की काय! तिने बॅग तिथेच सोडली, तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"आले गं, राणी."

ओतिलिया टॉवेल घेऊन बाहेर आली आणि दारात थबकली. तिने बहिणीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. उद्याची गाडी चुकली का, असलं काही तिने विचारलं नाही. चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत गेला.

"किती दिवस ती तुला आई म्हणतेय, ताई?"

"रोज नाही." ओतिलियाचा आवाज अगदी खाली गेला होता. "गुरुवारीच. खेळ आहे आमचा."

"माझ्या गुरुवारी."

ओतिलियाने टॉवेलची घडी उलगडली, परत घातली. मग शेगडीकडे बघत ती बोलायला लागली, जणू पोस्टाच्या खिडकीतून कुणाला नियम समजावून सांगतेय. तू गेलीस की पहिले चार दिवस ती दाराशी बसते, म्हणाली. मग नऊ दिवस माझ्या हातचं खाते, पण उष्टं टाकते. चौदाव्या दिवशी कुठे माझ्या गळ्यात पडते. आणि पंधराव्या दिवशी तू येतेस.

"मला एकच दिवस हवा होता, झेल्मा. मी तो फुकट नाही घेतला."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू दिला असतास?"

झेल्मीराला माहीत होतं, दिला नसता. तेवढ्याने तिचा राग कमी झाला नाही, उलट आणखी खोल गेला. जगात एका माणसावर डोळे मिटून भरवसा टाकला होता आणि त्या माणसाने तिचे मिटलेले डोळे बरोबर हेरले होते. तिने पुढे होऊन ताईच्या हातातला टॉवेल घेतला. घेतला कसला, ओढलाच. ओतिलियाने सोडून दिला.

आत रादका टबात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आईला बघून तिचे डोळे मोठे झाले.

"आज शुक्रवार आहे?"

"नाही, गुरुवारच आहे. मी लवकर आले."

रादकाने ओले हात तिच्या गळ्यात टाकले. झेल्मीराने तिला टॉवेलात गुंडाळून उचललं, तिच्या मानेतला साबणाचा वास छातीत भरून घेतला आणि सांगितलं, की यापुढे ती नेहमी गुरुवारीच येणार. तिकिटं आता आईच काढणार. रादका हसली, पाय हलवायला लागली. मग तिचे पाय थांबले. आईच्या खांद्यावरून तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मावशी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती, उकळून वर आलेल्या पातेल्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

रादकाने तोंड आईच्या कानाशी नेलं.

"मग मावशी आई कधी होणार?"