निरोगी गटातल्या बाई

सलूनवाल्या काकांना सगळे बोलपट म्हणत, आणि ते नाव त्यांनी मेहनतीने कमावलं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की त्यांची गोष्ट सुरू व्हायची, ती मानेवरचे केस झटकून झाले तरी संपायची नाही. उरलेली गोष्ट ऐकायला काही जण केस वाढायच्या आधीच परत यायचे. म्हणून एका सकाळी बूट चढवता चढवता ते वाक्य अर्ध्यावर सोडून नुसतेच धापा टाकू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नीने पुढे काही विचारलंच नाही. सुजलेल्या पावलांकडे एकदा पाहिलं आणि रुग्णवाहिका बोलावली. या पत्नी म्हणजे पोहण्याच्या तलावावर जन्मभर शिट्टी फुंकलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंनी हाक मारली आणि रुग्णवाहिका आली नाही, असं होणंच शक्य नव्हतं.

“हृदय दमलंय, फुप्फुसांत पाणी साठलंय,” असं डॉक्टरांनी सांगितलं. पाणी उतरवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि बोलपटांच्या खाट ते मोरी अशा खेपाही. दोन-तीन दिवसांत त्यांना आडवं झोपता येऊ लागलं, आणि त्याहून महत्त्वाचं, बोलता येऊ लागलं.

“काका बरे झाले,” सिस्टर म्हणाली, “आता माझे कान आजारी पडणार.”

त्याच दुपारी रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन एक तरुण डॉक्टरीण खाटेशी आली. ती अशा रुग्णांच्या रक्तावर संशोधन करत होती. “काका, तपासणीसाठी घेतोच आहोत, तर माझ्यासाठी थोडं जास्तीचं रक्त द्याल?”

“घ्या की. जन्मभर दुसऱ्यांचं निघू नये म्हणून हात सांभाळला, स्वतःचं द्यायला काय! पण त्यात बघणार काय तुम्ही?”

डॉक्टरीण स्टूल ओढून बसली. “हृदयावर ताण आला की हृदयच एक पदार्थ रक्तात सोडतं. ताण जास्त, तर आकडा जास्त. तो आम्ही नेहमीच मोजतो. त्याशिवाय रक्तात मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारीक तुकडे फिरत असतात. कुठल्या जनुकाला गप्प बसवायचं, हे ते बघतात. हृदय आजारी पडलं की त्यांचं प्रमाण बदलतं. त्यावरून कोणाला पुन्हा त्रास होणार ते आधीच ओळखता येईल का, हे मला शोधायचंय.”

“गप्प बसवणारे?” बोलपटांनी बायकोकडे तिरक्या नजरेने पाहिलं. “आमच्या घरी त्यातला एक चांगला मोठा आहे.”

बाईंनी डोळे वटारले. डॉक्टरीण हसू दाबत म्हणाली, “काकू, खरी अडचण वेगळीच आहे. तुलनेसाठी याच वयाची, धडधाकट हृदयाची माणसं लागतात. ती मिळता मिळत नाहीत.”

“मिळाली,” म्हणून बाईंनी बाही वर सरकवली. आजवर आपण डॉक्टरांचं तोंड पाहिलेलं नाही, हेही त्यांनी सिस्टरला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

बोलपट घरी आले. चारच दिवसांत फोन आला, पण तो बाईंसाठी. त्यांचा तो ताणाचा आकडा असायला हवा त्यापेक्षा वर होता. एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, असं डॉक्टरीण अजिजीने सांगत होती.

“नळ्यांची अदलाबदल झाली असेल,” बाई म्हणाल्या. “यांचं रक्त माझ्या नावावर चिकटवलंत तुम्ही.”

पुन्हा रक्त दिलं. आकडा तोच.

“मग मशीन बिघडलंय.”

“काकू, तुम्हाला सध्या निरोगी गटातून बाजूला ठेवावं लागेल.”

“नापास?” बाईंचा आवाज चढला. “मी?” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बोलपटांना आधी हसू आवरेना. संध्याकाळी दोघं फिरून आली आणि जिना चढू लागली. मधल्या वळणावर बाई नेहमीप्रमाणे कठड्याला टेकल्या. “थांबा जरा. तुम्हाला दम लागेल.”

बोलपट थांबले. त्यांना दम लागलेला नव्हता. बाईंच्या गळ्याजवळची शीर मात्र उडत होती. आता त्यांना एकेक आठवू लागलं. तलावाचं पाणी हल्ली फार गार असतं म्हणून बाईंनी पोहणं सोडलं होतं. दुकान लांब पडतं म्हणून भाजी घरपोच मागवायला लागल्या होत्या. इतके दिवस ते हिच्याकडे बघून बोलत होते, पण हिच्याकडे बघत नव्हते.

वर गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि गप्प झाले. जेवणाला गप्प, बातम्या लागल्या तरी गप्प. बाई दोनदा येऊन पाय चेपून सूज बघून गेल्या.

“अहो, काय होतंय? छातीत काही? बोला ना!”

“मला काही होत नाहीये,” बोलपट हळूच म्हणाले. “तू तपासून घेईपर्यंत बोलायची इच्छाच नाही. अगं, मला भीती वाटतेय.”

बाई बाजूला बसत म्हणाल्या, “मलाही. म्हणून तर मशीनला शिव्या घालत होते.”

सकाळी दोघं दवाखान्यात हजर. सोनोग्राफीत कळलं, की वाढलेला रक्तदाब बाईंच्या हृदयाला कोणाच्या नकळत बरीच वर्षं छळत होता, आणि हृदयाची भिंत जाड झाली होती. बाईंनी रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. “वेळेवर आलात,” हृदयाचे डॉक्टर म्हणाले. गोळ्या, मीठ कमी आणि रोजचं चालणं, एवढ्यावर भागणार होतं.

बाहेर डॉक्टरीण वाट बघत होती. बाईंनी तिचा हात धरला. “रागावले होते तुझ्यावर. ते विसर. आणि ते बारीक तुकडे काय म्हणतात माझ्याबद्दल?”

“ते अजून फ्रीजरमध्ये आहेत, काकू. आणि खरं सांगू? त्यांचं म्हणणं कळायला आम्हालाच अजून पुष्कळ शिकायचंय.”

“शिक, शिक. घाई करू नकोस,” बाई म्हणाल्या. बोलण्यात शिट्टीवालीचा धाक परत आला होता.

दोन महिन्यांत बाईंचा आकडा उतरला. डॉक्टरांनी परवानगी दिली तशा त्या तलावाच्या उथळ टोकाला कंबरभर पाण्यात चालू लागल्या, आणि काठावरून त्यांना शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकालाच त्यांनी चार गोष्टी सुनावल्या.

बोलपट आता सकाळपुरतेच सलूनमध्ये जातात. डॉक्टरिणीच्या निरोगी गटात एक जागा रिकामी पडली, ती आपल्या बायकोमुळे, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. साठीच्या आसपासचं गिऱ्हाईक आलं, की ते त्याच्या गळ्याभोवती कापड घट्ट बांधतात, गालाला फेस लावतात, आणि वस्तरा हातात घेऊन अगदी गोड आवाजात विचारतात, “काय हो, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?”

फेस लागलेल्या माणसाला पळता येत नाही. आतापर्यंत सात जण डॉक्टरिणीकडे रक्त देऊन आलेत.