जड झालेत

धम्मप्रियाचे सासरे, नागनाथमामा, होटगीला एकटेच राहत. उभा जन्म रेल्वेच्या रुळांवर गेलेला माणूस. पण झटका आला, डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि तिचा नवरा बुद्धभूषण वडिलांना सोलापूरला घेऊन आला. तो दिवसभर कामावर. धम्मप्रियाही सात रस्त्याजवळच्या एका विमा कचेरीत. तिथून आलं की मामांच्या हाताचा व्यायाम, औषधं, वर त्यांचा वेगळा स्वयंपाक, कारण पचायला जड असं काही द्यायचं नव्हतं.

एका रविवारी ती मोरीत चादरी धूत असताना बहिणीचा फोन आला. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "खरं सांगू? जड झालेत गं आता. रोज रोज किती उचलायचं?"

वळून बघते तर दारात मामा. हातात उष्टा कप, विसळायला आणलेला.

"या चादरी हो, मामा," ती घाईने म्हणाली. "भिजल्या की लई जड होतात."

"व्हय की," मामा सावकाश म्हणाले. "पानी प्याली की चादर जडच हुती." त्यांनी कप खाली ठेवला आणि चांगल्या हाताने चादरीचं टोक धरलं. "पीळ तू."

दोघांनी मिळून चादर पिळली. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

त्या दिवसापासून मामा अर्ध्या ताटावरून उठू लागले. पोट जड वाटतंय म्हणायचे. व्यायामाला बोलावलं तर, "आज हात लई जड हाय, ऱ्हाऊ दे." बुद्धभूषण काळजीत पडला, डॉक्टरांना विचारू म्हणाला. धम्मप्रियाला कारण ठाऊक होतं, पण नवऱ्यापुढे तोंड उघडेना.

मग एका संध्याकाळी मामा होटगीला जायला पिशवी भरू लागले. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामा, त्या दिवशी मी चादरींना म्हणाले नव्हते."

"ठाव हाय." एका हाताने ते सदऱ्याची घडी घालत राहिले. "चादरी आस्त्या तर झाल्यात म्हनली आस्तीस. झालेत मान्साला म्हनत्यात. मान देऊन."

तिला रडू आवरेना. "दमले होते मी. पण असं म्हणायला नको होतं."

"दमलीस तर मला सांग की, पोरी. भैनीला सांगून माजं वजन कमी हुनार हाय व्हय?"

मामांनी सदरा बाजूला ठेवला. मग त्यांनी लुळा हात तिच्यापुढे केला. "घे. आखडलाय."

मामा राहिले. तिने बुद्धभूषणला सगळं सांगितलं, आणि सकाळचा व्यायाम त्याने आपल्याकडे घेतला. मामा पोटभर जेवूही लागले. पण साधं पाणी हवं असलं तरी आता ते आधी विचारतात, "कामात न्हाईस न्हवं?"

"नाही, मामा," ती म्हणते, आणि मान खाली घालून पाणी आणायला जाते.